किडनी प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या आणि जन्मजात एन्झाइमची कमतरता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मराठवाड्यातल्या पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनी पाठवलेले आहेत. काही फोनवर आले, काही रिपोर्टच्या फोटोखाली एका ओळीत. आधी एक सांगायलाच हवं. इथलं वाचून कुठलीही गोळी स्वतःहून कमी, जास्त किंवा बंद करू नका. डोस जास्त झाला तर जीव धोक्यात येतो आणि गोळी अचानक सुटली तर किडनी जाते. दोन्ही टाळायचं तर तुमच्या किडनीच्या डॉक्टरांशी बोलूनच.

१. नवी किडनी छान चालतेय, क्रिएटिनिन नॉर्मल आहे. मग प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर कशाला?

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, नॉर्मल आहे तो या गोळ्यांमुळेच. किडनी सख्ख्या आईची असली तरी शरीराला ती परकीच वाटते आणि पांढऱ्या पेशी तिच्यावर चालून जातात. १९५४ साली बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून तिथे गोळ्यांवाचून निभावलं. बाकी सगळ्यांना त्या लागतातच. बहुतेकांच्या चिठ्ठीवर तीन असतात: टॅक्रोलिमस, प्रेडनिसोलोन आणि मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन यांपैकी एक.

२. एन्झाइमची जन्मजात कमतरता म्हणजे काय, आणि तिचा या गोळ्यांशी काय संबंध?

पोटात गेलेली गोळी शरीर तशीच ठेवत नाही. तिचं रूप बदलतं, काही भाग कामाला लावतं, उरलेला निकामी करून बाहेर टाकतं. हे काम एन्झाइम करतात आणि प्रत्येक एन्झाइम बनवायची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते. जनुकात बदल असेल तर ते एन्झाइम कमी तयार होतं किंवा अजिबात होत नाही. एरवी याचा काही त्रास नसतो. चाळीस-पन्नास वर्षं माणूस धडधाकट जगतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. ठरावीक गोळी सुरू झाली की मगच ते उघडं पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण अझाथायोप्रिनचं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं हे औषध १९६० च्या दशकापासून प्रत्यारोपणात वापरलं जातं. या दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं. शरीरात अझाथायोप्रिनचं मर्कॅप्टोप्युरिन होतं आणि पुढे त्याला तीन वाटा फुटतात. एका वाटेने त्याचे थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड बनतात. औषधाचा खरा परिणाम यांच्यामुळेच होतो, कारण वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये ते शिरतात आणि पेशींची वाढ थांबते. उरलेल्या दोन वाटा औषध निकामी करणाऱ्या. एकीवर टीपीएमटी नावाचं एन्झाइम काम करतं, दुसरीवर झँथिन ऑक्सिडेज.

टीपीएमटी नसेल तर नेहमीचाच डोस कित्येक पटींनी जास्त घेतल्यासारखा होतो. थायोग्वानिन साठत जातं आणि हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, नव्या पेशी बनणं बंद पडतं. एनयूडीटी१५ हे दुसरं एन्झाइम. ते तयार झालेल्या थायोग्वानिनची धार बोथट करतं. ते कमी असलं तरी शेवट तोच.

३. हे किती लोकांत असतं? आपल्याकडे आढळतं का?

टीपीएमटीचे आकडे मुख्यतः युरोपीय लोकांचे आहेत: साधारण ३०० जणांत एकाला हे एन्झाइम जवळजवळ नसतंच आणि दहातल्या एकाला निम्मं-अर्धं असतं. भारतीयांत टीपीएमटीचे बदल त्यापेक्षा कमी सापडतात. उलट एनयूडीटी१५ चे बदल पूर्व आणि दक्षिण आशियातल्या लोकांत युरोपीयांपेक्षा बरेच जास्त आहेत. एनयूडीटी१५ चा हा संबंध २०१४ साली कोरियातल्या संशोधकांनी दाखवला, त्याआधीच्या पुस्तकांत तो सापडणार नाही. म्हणून नुसती टीपीएमटीची टेस्ट करून निर्धास्त होणं आपल्या लोकांसाठी पुरेसं नाही. मराठवाड्यातल्या पेशंटनी दोन्ही टेस्टबद्दल विचारावं.

४. माझ्या चिठ्ठीवर मायकोफेनोलेट आहे, अझाथायोप्रिन नाही. मग मला काळजी नाही ना?

टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ चा मायकोफेनोलेटशी संबंध नाही. तरी हे पान वाचून ठेवा, कारण गोळ्या बदलतात. मायकोफेनोलेटने जुलाब थांबत नाहीत, खर्च झेपत नाही किंवा मूल हवं असतं, अशा वेळी डॉक्टर अझाथायोप्रिनवर आणतात. टेस्टबद्दल विचारायची वेळ तीच. मायकोफेनोलेटचा स्वतःचा एक वेगळा अपवाद प्रश्न १४ मध्ये आहे.

५. गोळी अंगावर उलटतेय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

ताप, घसा दुखणं, तोंडात एकामागून एक फोड, हिरड्यांतून रक्त, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग, जिना चढताना नव्याने लागणारा दम. एनयूडीटी१५ ची कमतरता असलेल्यांत एक खूण फार लवकर दिसते: पहिल्या काही आठवड्यांतच केस मुठीने गळायला लागतात. अझाथायोप्रिन नुकतीच सुरू झाली असेल आणि कंगव्यात झुपका येत असेल तर शाम्पू बदलू नका, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी, करा.

पण लक्षणांची वाट पाहणं धोक्याचं आहे. पेशी आधी घसरतात, त्रास मागून जाणवतो. खरी राखण रक्ताच्या तपासणीनेच होते.

६. सीबीसी किती वेळा करायची? रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं?

अझाथायोप्रिन सुरू झाल्यावर पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी, त्यानंतर महिन्याला एकदा, ही प्रचलित पद्धत. डोस वाढवला की पुन्हा लवकर लवकर. प्रत्यारोपण संभाजीनगरला किंवा पुण्याला झालेलं असलं तरी सीबीसीसाठी दर वेळी तिथे जायची गरज नाही. गेवराईच्या, वसमतच्या, उदगीरच्या लॅबमध्येही ती होते. रिपोर्ट मात्र त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांपर्यंत पोचवा.

रिपोर्ट हातात आला की तीन ओळी शोधा: हिमोग्लोबिन, टीएलसी आणि प्लेटलेट. टीएलसी म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, साधारण ४,००० ते ११,०००. त्याखाली टक्केवारीत न्यूट्रोफिल असतात. जंतूंशी पहिली झुंज त्यांचीच, म्हणून त्यांचा आकडा काढायला शिका. समजा टीएलसी २,४०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के. २,४०० चे ४० टक्के म्हणजे ९६०. हा आकडा १,००० च्या खाली गेला की तातडीने फोन, ५०० च्या खाली गेला की थेट दवाखाना. अनेक रिपोर्टवर टक्केवारी नॉर्मल म्हणून छापलेली असते आणि घरचे निश्चिंत होतात. टक्के नॉर्मल असूनही पेशी फार थोड्या असू शकतात.

शेजारी मागच्या रिपोर्टचा आकडाही लिहा. ७,००० वरून ४,२०० ला आलेला टीएलसी कागदावर नॉर्मलच दिसतो, पण ती घसरण डॉक्टरांना कळायला हवी.

७. एन्झाइमची टेस्ट कोणती? ती कधी करायची?

पहिली गोळी घेण्याआधी. प्रत्यारोपणाच्या तयारीत इतक्या तपासण्या होतात, त्यातच ही उरकून घेतली तर बरं. टेस्ट दोन प्रकारची असते. एकीत लाल पेशींमध्ये टीपीएमटी प्रत्यक्ष किती काम करतंय ते मोजतात, दुसरीत जनुकातले बदल पाहतात. जनुकाची टेस्ट रक्तावर होते, काही लॅब गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरही करतात. नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या लॅबकडे जातो, तेव्हा रिपोर्टला काही दिवस धरून चला.

इथे एक अडचण आहे आणि ती डायलिसिसवाल्यांनाच जास्त येते. गेल्या काही आठवड्यांत तुम्हाला रक्ताची पिशवी चढवली असेल तर तुमच्या अंगात दुसऱ्याच्या लाल पेशी फिरत असतात. मग पहिल्या प्रकारची टेस्ट रक्त देणाऱ्याचं टीपीएमटी मोजते आणि तुमची कमतरता असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. अशा वेळी जनुकाची टेस्टच मागा. रक्त कधी चढवलं होतं ती तारीख डॉक्टरांना स्वतःहून सांगा, विचारायची वाट पाहू नका.

जनुकाची टेस्ट आयुष्यात एकदाच करावी लागते. तो रिपोर्ट फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

८. रिपोर्टमध्ये ‘इंटरमीजिएट’ आलंय. म्हणजे अझाथायोप्रिन कधीच नाही?

तसं नाही. त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. त्यांपैकी एकीत बदल आहे आणि एन्झाइम निम्मं-अर्धं आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशांना नेहमीच्या डोसच्या साधारण ३० ते ८० टक्क्यांनी सुरुवात करून सीबीसी पाहत पुढे जातात. रिपोर्टमध्ये ‘पुअर’ आलं असेल, म्हणजे एन्झाइम जवळजवळ नसेलच, तर गोष्ट वेगळी. प्रत्यारोपणाच्या पेशंटमध्ये तेव्हा बहुतेक डॉक्टर अझाथायोप्रिन देतच नाहीत, दुसरी गोळी निवडतात. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ दोन्ही इंटरमीजिएट असतील तर डोस आणखी खालून सुरू होतो.

९. दोन्ही टेस्ट नॉर्मल आल्या, तरी टीएलसी घसरला. लॅबने चूक केली का?

बहुधा नाही. प्रत्यारोपणानंतर पांढऱ्या पेशी कमी व्हायला कारणं बरीच आहेत. सीएमव्ही विषाणू येऊ नये म्हणून देतात ते व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर पेशी पाडतं. न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियापासून बचावासाठी दिलेल्या को-ट्रायमोक्साझोलनेही पेशी कमी होतात, मायकोफेनोलेटनेही होतात. सीएमव्ही स्वतः पेशी पाडतो. रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या अझाथायोप्रिनसोबत असतील तर त्यांचीही भर पडू शकते. आतड्याच्या आजारासाठीच्या मेसालाझिन, सल्फासालाझिन या गोळ्या टीपीएमटीचं काम अडवतात. आणि सगळ्यात घातक जोडी पुढच्या प्रश्नात आहे. नॉर्मल रिपोर्टमुळे एक धोका कमी होतो, सीबीसीतून सुटका होत नाही.

१०. पायाचा अंगठा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी युरिक ॲसिडची गोळी दिली. चालेल का?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

युरिक ॲसिडसाठी सर्रास दिली जाणारी ॲलोप्युरिनॉल झँथिन ऑक्सिडेज बंद पाडते. फेबुक्सोस्टॅटही तेच करते. प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या निकामी करणाऱ्या दोन वाटांपैकी एक बुजली की सगळा भार उरलेल्या वाटेवर येतो. म्हणजे जन्मतः एन्झाइम चांगलं असलेल्या माणसातही ही गोळी कमतरता निर्माण करते. ज्याचं टीपीएमटी आधीच अर्धं आहे त्याचं काय होईल ते सांगायला नको.

अझाथायोप्रिनसोबत ॲलोप्युरिनॉल द्यावीच लागली तर अझाथायोप्रिनचा डोस तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणतात आणि सीबीसी पुन्हा आठवड्याला करतात. फेबुक्सोस्टॅटसोबत ती टाळतातच. हा निर्णय किडनीच्या डॉक्टरांचा. प्रत्यारोपणानंतर युरिक ॲसिड वाढणं नेहमीचंच असल्यामुळे हा प्रसंग अनेकांवर येतो. गावातले डॉक्टर चांगल्या मनानेच गोळी देतात, फाइल त्यांच्यासमोर नसते. म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत:

‘किडनी प्रत्यारोपण झाले आहे. अझाथायोप्रिन चालू आहे. ॲलोप्युरिनॉल, फेबुक्सोस्टॅट, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये. टीपीएमटी रिपोर्ट: … एनयूडीटी१५ रिपोर्ट: … किडनीच्या डॉक्टरांचा फोन: …’

डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन का? या दुखण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं थेट किडनीला मारक आहेत.

११. आईने किडनी दिली. ही कमतरता तिच्या किडनीतून माझ्यात आली का?

नाही. अझाथायोप्रिनचा जो त्रास आपण बोलतोय तो तुमच्या बोन मॅरोत होतो आणि तिथली जनुकं तुमचीच राहतात. आईकडून आलंच असेल तर ते जन्माच्या वेळी आलं, ऑपरेशनच्या वेळी नाही. आईंनी स्वतःला दोष देऊ नये. हा प्रश्न बहुतेक वेळा आयाच विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिलं. मेंदूमृत दात्याची किडनी संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत मिळाली असेल तरी उत्तर हेच. दात्याच्या टीपीएमटीने तुमचा डोस ठरत नाही.

१२. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. भावंडांची टेस्ट करायची का?

टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ पूर्ण नसायला आई आणि वडील दोघांकडूनही बदललेलं जनुक यावं लागतं. नवरा-बायको एकाच घराण्यातले असतील तर दोघांकडे तोच बदल असण्याची शक्यता वाढते. तुमच्यात पूर्ण कमतरता सापडली असेल तर सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकात ती असण्याची शक्यता साधारण चारात एक. त्यांनी उद्या उठून टेस्ट करायची गरज नाही. पण संधिवात, आतड्याचा आजार, ल्युपस किंवा रक्ताच्या कॅन्सरसाठी अझाथायोप्रिन वा मर्कॅप्टोप्युरिन द्यायची वेळ आली तर ‘आमच्या घरात हे आहे’ एवढं डॉक्टरांना सांगावं.

१३. माझा आणि शेजारच्या बेडवाल्याचा टॅक्रोलिमसचा डोस सारखाच, मग त्याची लेव्हल ५ आणि माझी १४ कशी? आणि मोसंबी खाल्ली तर चालते का?

टॅक्रोलिमस निकामी करणाऱ्या एन्झाइमपैकी सीवायपी३ए५ काहींच्या शरीरात काम करतं, काहींच्यात जन्मतःच करत नाही. ज्यांच्यात ते करतं त्यांना सुरुवातीला दीडपट ते दुप्पट डोस लागू शकतो. ज्यांच्यात नाही, त्यांच्यात तोच डोस साठतो: हात थरथरतात, साखर आणि पोटॅशियम वाढतं, क्रिएटिनिन चढतं. लेव्हल, म्हणजे रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण, पाहून डोस जुळवता येतो, म्हणून प्रत्येकाला जनुकाची टेस्ट लागत नाही. पण लेव्हल बरोबर वेळी द्यायला हवी. दिवसातून दोनदा गोळी असेल तर रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. हिंगोलीहून पहाटेच्या एसटीने निघताना सवयीने गोळी घेतली की लेव्हल फसवी जास्त येते आणि डोस विनाकारण कमी होतो. गोळी खिशात ठेवा, रक्त देऊन झालं की घ्या.

ग्रेपफ्रूट आणि पपनस आतड्यातलं एन्झाइम अडवून लेव्हल वाढवतात, ते पूर्ण टाळा. जालन्याची मोसंबी त्या यादीत नाही. पोटॅशियम वाढलेलं असेल तर मात्र ती किती खायची ते डॉक्टर सांगतील. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम यांनी लेव्हल वाढते, तर टीबीच्या रिफाम्पिसिनने ती धाडकन पडते.

१४. आमच्या घरात सगळ्यांना मुतखडा. किडनी त्यानेच गेली. नव्या किडनीतही होईल का?

खडा कशाचा होता यावर आहे. मराठवाड्यात मुतखडा इतका घरोघरी आहे की ‘पाणी कमी पितो’ म्हणून विषय मिटतो आणि खडा तपासायला कुणी पाठवत नाही. लहान वयात सुरू झालेले, पुन्हा पुन्हा होणारे, दोन्ही बाजूंचे खडे असतील तर एन्झाइमची कमतरता शोधायलाच हवी, तीही प्रत्यारोपणाआधी.

एपीआरटी नावाचं एन्झाइम नसेल तर लघवीत एका विशिष्ट पदार्थाचे स्फटिक बनतात. ते एक्स-रेत दिसत नाहीत आणि युरिक ॲसिडचे खडे समजून सोडून दिले जातात. काहींचं निदान थेट नव्या किडनीच्या बायोप्सीत होतं, क्रिएटिनिन चढल्यावर. यावर औषध आहे आणि ते आयुष्यभर घ्यावं लागतं. पण ते औषध म्हणजे ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट. प्रश्न १० वाचला असेल तर पेच लक्षात येईल. या पेशंटला अझाथायोप्रिन शक्यतो द्यायची नाही.

प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया म्हणजे शरीरात खडे करणारं ऑक्झॅलेट जास्त बनण्याचा जन्मजात आजार. त्याच्या पहिल्या प्रकारात बिघाड लिव्हरच्या एन्झाइममध्ये असतो, त्यामुळे नुसती किडनी बदलून ऑक्झॅलेट थांबत नाही. लिव्हरही बदलायचं की औषधाने भागेल, हे आधीच ठरवावं लागतं.

तिसरी कमतरता दुर्मीळ आहे, आणि प्रश्न ४ मध्ये म्हटलेला मायकोफेनोलेटचा अपवाद हाच. एचजीपीआरटी एन्झाइमची कमतरता असलेल्या पेशंटना, म्हणजे लेश-निहान किंवा केली-सीगमिलर हे जन्मजात आजार असलेल्यांना, मायकोफेनोलेट देत नाहीत. अझाथायोप्रिनची तर त्यांच्यात उलटी तऱ्हा, कारण तिला कामाला लावणारं एन्झाइम हेच. ते नसेल तर ती गोळी पुरेशी लागू पडत नाही.

१५. जी६पीडी कमी आहे असं लहानपणी सांगितलं होतं. आता सांगायची गरज आहे का?

आहे. हे एन्झाइम कमी असलेल्यांत काही औषधांनी लाल पेशी फुटतात: डोळे पिवळे, लघवी चहासारखी, हिमोग्लोबिन एकदम खाली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांनी हे होत नाही, पण सोबतच्या औषधांनी होऊ शकतं. को-ट्रायमोक्साझोल सोसलं नाही की पर्याय म्हणून डॅप्सोन देतात, आणि जी६पीडी कमी असलेल्याला ती धोक्याची आहे. लाल पेशी नुकत्याच फुटलेल्या असताना किंवा रक्त चढवल्यावर ही टेस्टही खोटी नॉर्मल येऊ शकते.

१६. प्रत्यारोपण होऊन दोन वर्षं झाली. मूल हवंय. गोळ्या बदलणार म्हणाले.

मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून ती गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून बहुतेकदा अझाथायोप्रिनवर आणतात. तोपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवायचं. एन्झाइमच्या टेस्ट या बदलाच्या आधी करा आणि सीबीसीचं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून मोजा (प्रश्न ६). पाळी चुकल्यावर घाबरून सगळ्या गोळ्या एकदम बंद करू नका, त्याच दिवशी फोन करा.

१७. मुलाचं प्रत्यारोपण झालंय. दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला जातो. तिकडे कसं करायचं?

निघण्याआधी डॉक्टरांना कारखान्याचं गाव सांगा आणि गोळ्या पुरतील इतक्या सोबत घ्या. वाटेत ब्रँड बदलू नका, विशेषतः टॅक्रोलिमसचा. तिकडच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सीबीसी होते. फाइलच्या पहिल्या दोन पानांचा आणि प्रश्न १० मधल्या कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा, टोळीच्या मुकादमाच्याही. रात्री कोपीवर ताप आला तर इंजेक्शन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. प्रत्यारोपण झालेल्या पोराचा ताप म्हणजे त्याच रात्री दवाखाना आणि सीबीसी.

१८. गुळवेलाचा काढा घेतला तर पांढऱ्या पेशी वाढतील का?

घेऊ नका. प्रतिकारशक्ती चेतवणारं काहीही नव्या किडनीच्या विरोधात जातं. शिवाय गुळवेलाने लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. पेशी पडल्या असतील तर कारण शोधून गोळी जुळवायची असते.

१९. सहा वर्षं अझाथायोप्रिन घेतोय, कधी काही झालं नाही. आता टेस्ट करू का?

एन्झाइम पूर्ण नसतं तर ते पहिल्या काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत कळलं असतं. तुमच्या शरीराने उत्तर दिलेलं आहे, त्यामुळे घाईने टेस्टची गरज नाही. पण अर्धं एन्झाइम असलेला माणूस कमी डोसवर वर्षानुवर्षं तरून जातो आणि डोस वाढला, किडनीचं काम मंदावलं किंवा नवी गोळी जोडली गेली की अडचणीत येतो. यांपैकी काही होणार असेल तर आधी टेस्टचं विचारा. महिन्याची सीबीसी चालूच ठेवा. अझाथायोप्रिन इतकी वर्षं चालू असेल तर उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचा धोकाही वाढलेला असतो. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला उपरणं हवंच. चेहऱ्यावर, कानावर, हातावर न भरणारी जखम दिसली तर पुढच्या भेटीत ती दाखवा.